काट्यावरचा गणपती

डाव्या इंजिनाचा काटा मला दिसलाच नाही. काट्याच्या जागी गणपती होता. बार्जच्या केबिनमध्ये सुकाणाच्या वर दोन गोल तबकड्या शेजारी शेजारी, एक डाव्या इंजिनाच्या तापमानाची, एक उजव्याच्या. उजवीवर काच, काचेमागे काटा, काट्यामागे पांढरे आकडे आणि शेवटाला लाल पट्टा. डावीवर पिवळं पीतांबर, हातात मोदक, सोनेरी कडा. आमच्या पेणात कुठल्याही दुकानात मिळतो तसला चकचकीत स्टिकर. ज्याने लावला त्याने कात्रीने काठ कापून काचेच्या मापाचा केला होता, कुठे केसभर फट ठेवली नव्हती. माझ्या हातातली वायरमनची पिशवी मी खाली ठेवली. खरं तर सवयीने हात छातीशी जायला निघाला होता. देव दिसला की जातो तो, विचारून जात नाही. तो अर्ध्यात थांबला आणि तिथेच माझं डोकं फिरलं. "हे कुणी लावलं?" मी विचारलं. खलाशी नितेश दारात टेकून उभा होता. "बाप्पांनी सोताच जागा बघितली बुवा," तो म्हणाला. मी कीर्तनाला जातो म्हणून धरमतरच्या धक्क्यावरची पोरं मला बुवा म्हणतात, एरवी मला त्याचं काही वाटत नाही. काळुराम तांडेल, ज्याच्या हातात बार्जचं सुकाणू, खिडकीतून खाडीकडे बघत होता, जशी काही खाडी त्याने आजच पाहिली. आणि इंजिनरूमच्या जिन्यात, खांद्यापर्यंतच वर आलेला, नासिर. इंजिनचा ड्रायव्हर तो. तो कुणाकडेच बघत नव्हता.

"काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," प्रणित म्हणाला. मालकाचा माणूस तो, बार्जची ये-जा बघतो, पायात पांढरे बूट घालून कोळशाच्या धक्क्यावर चालतो. "ते गेज सारखं लाल दाखवतं. नासिर बघतो, घाबरतो, डावं इंजिन कमी करतो. मागच्या खेपेला भरती चुकली, बार्ज गाळात बसली. सगळ्यांचे फोन मला. म्हणून पोरांनी जरा गंमत केली." "मग यानं काढलं का नाही?" मी नासिरकडे बोट दाखवून विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं. नितेशने दाराच्या कडीशी चाळा केला. नासिर काढणार कसा? नासिरने गणपतीला नख लावायचं? धक्क्यावर, एवढ्या माणसांत? कुणीतरी फोन काढला असता, संध्याकाळच्या आत ते पेणच्या बाजारात आणि त्याच्या रोह्याच्या मोहल्ल्यात पोचलं असतं, आणि मग काट्याबद्दल कुणी काही विचारलं नसतं. कागद चिकटवला असता तर त्याने काढला असता. चिकटपट्टी लावली असती तर ओरबाडली असती. म्हणून देव लावला. "आज एकदाच ठरवून टाका," प्रणित सांगत होता, "इंजिन तापतंय की गेज खोटं आहे. गेज खोटं असेल तर नासिर आजच उतरतो. भित्रा ड्रायव्हर मला नको. नितेश चालवेल. दुपारच्या भरतीला निघायचंय." मी मान डोलावली. माझे कान गरम झाले होते. मीच तापलो होतो, माझ्यावर कुणी काय चिकटवणार होतं?

आमच्या इमारतीच्या जिन्यात देवांच्या फरश्या लावल्या आहेत. पेणात नवी इमारत झाली, लोक आले, लोकांबरोबर त्यांचा तंबाखू आला, आणि वळणावळणावर लाल पिंका पडू लागल्या. मग सोसायटीने सभा घेऊन प्रत्येक वळणावर फरशी बसवली: एकीवर दत्त, एकीवर शंकर, एकीवर साईबाबा. पिंका बंद झाल्या. सगळे खूश. मी त्या सभेत ओरडलो होतो. अरे, देवाला तुम्ही भिंत राखायला बसवलंत? पिंक अडवायला? निशिगंधा, माझी बायको, घरी येऊन म्हणाली, "एवढं काय ओरडायचं, जिना स्वच्छ झाला ना?" झाला. पण अजूनही मी जिना चढताना त्या फरश्यांकडे बघत नाही, बघितलं तर नमस्कार करावा लागतो, आणि नमस्कार केला तर त्या सोसायटीचा ठराव पास केल्यासारखं वाटतं. तिथे निदान थुंकणाऱ्याला अडवलं होतं. इथे बघणाऱ्याला अडवलं. हे जास्त वाईट, हे कितीतरी वाईट, मी मनात म्हणत होतो, आणि टॉर्च घेऊन नासिरच्या मागे इंजिनरूममध्ये उतरत होतो, आणि पायऱ्यांवर माझा पाय नको तेवढ्या जोराने पडत होता.

दोन्ही इंजिनं चालू केली. बार्ज धक्क्याला बांधलेली, दोरांवर ओढ देऊन इंजिनांना जोर लावला, म्हणजे तापायचं असेल तर तापतील. वर ओरडून सांगितलं, केबिनमधले सगळे दिवे, पंखा, जे काय आहे ते बंद करा, मला दुसरी भानगड नको. डाव्या इंजिनाच्या डोक्यावर बोटभर पितळी सेन्सर, त्यातून एक तार वर गेजला जाते. इंजिन जितकं तापेल तितका सेन्सर तारेतून जास्त वीज सोडतो, तितका वर काटा चढतो. एवढंच शास्त्र. तार काढली तर काटा खाली पडला पाहिजे, तार इंजिनाच्या लोखंडाला टेकवली तर शेवटापर्यंत चढला पाहिजे. मी तार काढली आणि वर हाक मारली, "काटा कुठे आहे?" वरून नितेशचा आवाज आला, "दिसत नाय बुवा! बाप्पा मोदक खातायत!" आणि हसणं. इंजिनांच्या आवाजातही ते हसणं मला नीट ऐकू आलं. नासिरने माझ्याकडे बघितलं आणि डोळे खाली केले. हा माणूस उंचापुरा आहे, इंजिनावर वाकला की इंजिन लहान दिसतं, आणि मला त्याचं ते डोळे खाली करणं बघवेना. "तू का खाली बघतोस?" मी त्याच्यावरच खेकसलो. तो म्हणाला, "तुमच्या पायाखाली तेल हाय महिपतीभाय. घसराल."

रोह्याला कीर्तनाचा सप्ताह असतो तेव्हा मी पेणहून जातो. एकदा दुपारच्या कीर्तनाला बसलो होतो, आणि बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ, नासिर उभा होता. मला न्यायला आला होता. त्याच्या घरी पंखा बंद पडला होता, तो मी बघणार होतो. मी खुणेने म्हटलं, येतो, येतो. तो खुणेने म्हणाला, बसा. कीर्तनकार बुवांनी पूर्वरंग संपवून आख्यानाला हात घातला होता, सभा रंगात आली होती, आणि अचानक ते गाता गाता थांबले. तबला उतरला होता. आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. बुवा शांतपणे तबलजीला म्हणाले, लावून घ्या. तो हातोडीने ठोकत बसला, पेटीवाला एकच सूर धरून बसला, लोक चुळबुळले, पुढच्या रांगेतला एक पुढारी घड्याळ बघायला लागला. कुणीतरी म्हणालंच, "बुवा, चालवून घ्या, एवढं कोण ऐकतंय!" बुवा हसले. म्हणाले, "बाबा रे, ज्याच्यासाठी गातो तो ऐकतोय. चुकीच्या सुरात पुढे जाण्यापेक्षा मी बरोबर सुरासाठी थांबेन. थांबणाऱ्याला तुम्ही हवं तर भित्रा म्हणा." मग सूर लागला आणि काय लागला! दाराकडे बघितलं तर नासिर चौकटीला डोकं टेकून डोळे मिटून उभा. घरी गेल्यावर त्याची बायको, अमीना, म्हणाली, "आमचा पंखा राहिला बाजूला, हे आल्यापासून तबल्याचंच सांगतायत." तो माणूस भित्रा. इंजिन कमी करतो म्हणून भित्रा!

तार परत जोडून मी वर आलो आणि तबकड्यांच्या पॅनेलमागे हात घालून दोन्ही सेन्सरच्या तारा अदलून बदलून लावल्या. आता डाव्या इंजिनाची तार उजव्या गेजला, ज्यावर देव नव्हता. इंजिनांना पुन्हा जोर दिला. सगळे बघायला जमले. डाव्या इंजिनाचं तापमान उजव्या गेजवर चढू लागलं, नेहमीच्या जागी आलं आणि तिथेच टेकलं. शहाण्यासारखं. लाल पट्टा पार लांब. मी तापमान मोजायची बंदूक घेऊन खाली गेलो, इंजिनाच्या डोक्यावर धरली; तिनेही तेच सांगितलं. इंजिन तापत नव्हतं. प्रणितने हात पसरले. "बघा. मी काय म्हणत होतो?" आणि मला राग आला तो त्या काट्याचा. खरं बोलणाऱ्या काट्याचा मला राग आला, हे कुणाला सांगायचं? मला इंजिन तापलेलं हवं होतं. ते तापून लाल व्हावं, त्यातून वाफ निघावी, प्रणितचे बूट काळे व्हावेत आणि नितेशचं हसणं घशात अडकावं, असं मला हवं होतं. मी नासिरच्या बाजूने आलो होतो आणि माझ्याच बंदुकीने त्याला मारत होतो. "मी रोज बघतो महिपतीभाय," नासिर म्हणाला, आवाज अगदी बारीक, "खाडीत गेलो का लालमधी. आईची शप्पत." "मग डोक्यात असेल तुझ्या," नितेश म्हणाला.

तारा पुन्हा जिथल्या तिथे लावल्या. आता डावं गेज बघायलाच हवं होतं. मी स्टिकरच्या काठाला नख लावलं. "काढताय बुवा?" नितेश दारातून म्हणाला, "बघा हां. पाप लागंल." माझं बोट थांबलं. खोटं कशाला सांगू, थांबलंच. आयुष्यभर ज्या रूपापुढे वाकलो ते रूप माझ्या नखाखाली, आणि गोंद असा घट्ट की ओढलं तर सोंडेत फाटेल. मी मागे वळलो आणि म्हणालो, "लावताना नाही लागलं का रे पाप? कात्रीने देव कापलास, माणसाच्या डोळ्यांवर चिकटवलास, आणि मी काढतो तर मला पाप?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. नासिरने तोंड फिरवलं होतं, भिंतीकडे, की उद्या कुणी विचारलं तर मी बघितलंही नाही म्हणता यावं. तेवढ्यात काळुराम तांडेल खिडकीपासून सरकला. सकाळपासून त्याने शब्द काढला नव्हता. केबिनच्या कोपऱ्यात त्याचा छोटा देव्हारा आहे, फळीवर पितळी गणपती, एकवीरेची तसबीर, भोवती पिवळ्या बल्बांची माळ. तिथली तेलाची बाटली त्याने माझ्या हातात दिली. "देवाचा तेल हाय," तो म्हणाला, "काठाला लावा. सुटंल तो. फाडू नुको." मी बोटाने तेल लावलं. गोंद हळूहळू सैल झाला. पहिल्यांदा मोदक सुटला, मग हात, मग सोंड. सगळा गणपती माझ्या तळव्यावर आला, कुठेही न फाटता. काचेवर गोंदाचा पांढुरका ठसा राहिला आणि ठशामागे काटा होता. काटा आपल्या जागी होता. शेजारच्यासारखाच. लाल पट्टा लांब.

गेज बरोबर, इंजिन बरोबर, मग चूक कोण? "झालं ना?" प्रणित म्हणाला. "नासिर, सामान घे. नितेश, तू बघ आता." आणि काळुरामने, निघायचं म्हटल्यावर रोज करतो तसं, डाव्या हाताने देव्हाऱ्याचं बटण दाबलं आणि उजवा हात कपाळाला नेला. माळ लागली. पिवळा उजेड एकवीरेच्या तोंडावर पडला. आणि काटा उठला. मी डोळ्यांनी बघितला. उठला, आकड्यांवरून सरकत गेला, सोंडेच्या ठशाखालून गेला आणि लाल पट्ट्यात जाऊन थरथरत उभा राहिला. "बंद करा," मी म्हटलं. माळ विझली, काटा खाली. "लावा." काटा वर. नासिर जिन्यातून पूर्ण वर आला, आज पहिल्यांदा. "बघा!" तो म्हणाला, फक्त एवढंच, आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पॅनेलच्या मागे डोकं घातलं तर सगळं समोर होतं. माळेची परतीची तार गेजच्याच अर्थिंगच्या बोल्टाला आवळलेली, आणि दसऱ्याला बार्ज रंगवतात तेव्हा हात फिरला होता तो त्या बोल्टाखालूनही, रंगाचा जाड पापुद्रा. रंगामुळे बोल्टाला लोखंडाशी धड भेट नाही. माळेची वीज परत जायला वाट शोधायची आणि वाटेत गेजला धक्का मारायची. माळ लागली की काटा लाल. आणि काळुराम बार्ज खाडीत असताना देवाचा दिवा कधी विझवत नाही. धक्क्याला मेकॅनिक येऊन बघायचे तेव्हा माळ बंद, सगळं ठीक. "ही माळ कुणी जोडली?" प्रणितने विचारलं. हाताची मूठ वळली, मुठीत गणपती होता म्हणून सोडली. "मी," नासिर म्हणाला. "तांडेल बोलला, देव काळोखात बसतो, बरा दिसत नाय. जवळ तोच बोल्ट होता, तिथे दिली." "वा!" प्रणित म्हणाला. "म्हणजे तूच बिघडवलंस, तूच घाबरलास, आणि नुकसान मालकाचं. आता तर प्रश्नच नाही."

मग माझं भान सुटलं. "प्रश्न आहे," मी म्हणालो. "तार चुकली ती चुकली. ती मी आत्ता सरळ करतो, चहा निवायच्या आत. पण ज्याला लाल दिसलं आणि ज्याने इंजिन कमी केलं तो ड्रायव्हर आहे. ज्याला लाल दिसलं आणि ज्याने त्यावर देव चिकटवला तो कोण आहे? त्याच्या हातात देणार तुम्ही ही बार्ज? उद्या खरंच तापलं तर काय लावाल, मारुती? यानं तुमच्या देवाला दिवा लावून दिला, आणि तुम्ही त्याच देवानं याचं तोंड बंद केलंत. मी तुमचा वायरमन, मला गेज विचारलंत, मी सांगतो: गेज खोटं होतं आणि माणूस खरा होता. हे दोन्ही सांगणार असाल मालकाला, तरच माझं नाव घ्या." प्रणित म्हणाला, "काका, तुम्ही कीर्तन करू नका." "कीर्तन ऐकायची तुमची लायकी नाही," मी म्हणालो, आणि लगेच वाटलं, हे कीर्तनकार बुवांना आवडलं नसतं, ते म्हणतात लायकी विचारत बसलं तर मांडव रिकामा राहील. पण शब्द गेला होता. काळुरामने देव्हाऱ्यातलं फूल सारखं केलं. "परनीतशेट," तो न वळता म्हणाला, "भरती काय थांबायची नाय. नासिर इंजिनावं असंल तर माजा हात सुकानाला लागंल. नायतर नितेशला सांगा, बार्जबी त्योच हाकंल." नितेशने एकदा सुकाणाकडे, एकदा खाडीकडे बघितलं. "मी कुटं काय बोल्लो तांडेल," तो पुटपुटला.

बोल्ट सोडला, खालचा रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, गेजची तार परत आवळली. माळेला निराळी तार ओढली, थेट बॅटरीपर्यंत, तिची वाट तिची. नासिर टॉर्च धरून उभा होता. उजेड जिथे हवा तिथे, न सांगता. "आता लावा देवाचा दिवा," मी म्हटलं. माळ लागली, दोन्ही काटे शेजारी शेजारी, हलले नाहीत. कुणी नासिरची माफी मागितली नाही. प्रणितने फक्त "चला, चला" केलं आणि फोनवर बोलत धक्क्यावर उतरला. मी उतरताना नासिर म्हणाला, "तो इस्टिकर कुठे टाकू नका हां महिपतीभाय. पायाखाली येल." मी खिशाला हात लावून दाखवला. रुमालात घालून, गोंदाची बाजू आत, छातीशी ठेवला होता. राग तसाच होता, त्याच खिशात.

दोर सुटले. भरतीचं पाणी धक्क्याच्या खांबांना वर चढत होतं, पलीकडे मिठागरं पांढरी पडली होती, आणि रिकामी बार्ज दोन्ही इंजिनांच्या धुरासकट खाडीत शिरली. मी निघायला हवं होतं, वडखळच्या रस्त्याला ट्रकची रांग लागण्याआधी. पण पाय निघेना. प्रणितही उभा होता. बार्ज वळणापर्यंत गेली आणि तिचा डावा धूर पातळ झाला. मग आणखी पातळ. ती मंदावली, पाण्यात जवळजवळ उभी राहिली. "बघितलंत?" प्रणित माझ्यावर धावून आल्यासारखा आला. "परत हळू केली! परत तेच!" तारा मी मनात पुन्हा एकदा मोजल्या: ही इथे, ती तिथे, बोल्ट आवळलेला, माळ निराळी. कुठेही काही राहिलं नव्हतं. मग माझं डोकं शांत झालं, सकाळपासून पहिल्यांदा.

"काटा चढला असेल," मी म्हणालो. "इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या गाळणीत कचरा अडकला असेल, खाडीत काय कमी प्लास्टिक आहे?"

"अहो, पण काटा तुम्ही आत्ताच दुरुस्त केलात ना?"

"म्हणूनच," मी म्हणालो.